ललिताचा उशीर

कस्तुराबाई मूळच्या कामरगावच्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. थोरले भाऊ मारोतराव यांनी लोकांच्या बोलण्याकडे कानाडोळा केला आणि बहिणीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाडलं. १९३७ साली त्या वऱ्हाडातल्या मालेगावजवळच्या एका खेड्यात मुलींना शिकवत होत्या. वर्ग एकच, पोरी सतरा.

त्यांतली ललिता बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. घरी तिची बोली वेगळी, मराठी तोडकीमोडकी. दिवाळीआधी दोन आठवडे तिला रोज उशीर होऊ लागला. "तांड्यावरच्या पोरी आळशीच असतात, बाई," असं गावातल्या वजनदार दौलतरावांची मुलगी रुख्मिणी म्हणाली आणि बाईंनाही ते खरं वाटलं. त्या ललिताला रोज दाराशी उभी करत.

एका सकाळी ललिता आली ती कोपर खरचटून. "पडली ते," रुख्मिणी म्हणाली. तीन-चार पोरींनी माना हलवल्या.

"पडताना कोणी पाह्यलं?" बाईंनी विचारलं.

माना हलवलेल्या पोरी पाट्यांशी चाळा करू लागल्या. तेव्हा बाईंनी सगळ्यांना पाट्या घ्यायला लावल्या. "डोळ्यानं पाह्यलं ते एका बाजूले लिहा. नुसतं आयकलं ते दुसऱ्या बाजूले."

बहुतेक पाट्यांची पहिली बाजू कोरीच राहिली. एका पोरीनं मात्र लिहिलं, 'ललिताच्या घागऱ्याले कुसळं हायेत.' बाईंनी वाकून पाहिलं. घेर कित्येक दिवसांच्या कुसळांनी भरला होता.

"तांड्याच्या वाटेवर गवत कुठी हाये?"

"तिथं नाही, बाई. पडीत वावरात हाये. पन ते वाट तर लय लांबून पडते."

बाई पोरींना घेऊन त्या वावरात गेल्या. गवतात रोजच्या येण्याजाण्यानं एक बारीक पायवाट पडली होती.

"आळशी पोरगी लांबच्या वाटनं काहून येईन?"

रुख्मिणीची मैत्रीण तुळसा रडायला लागली. "तांड्याहून येताना आमच्या गल्लीत आमी तिले अडवतो, बाई. आज उशीर नको म्हनून ते गल्लीनं आली, त रुख्मिणीनं ढकललं. मी बी ढकललं."

बाईंना तिचा राग आला नाही. वर्गात परतल्यावर त्या सगळ्यांसमोर ललिताला म्हणाल्या, "दोन आठवडे मी तुले उभी केली. काहून उशीर होते, हे एकडावबी इचारलं नाही. माह्यं चुकलं." ललिता खाली पाहत कुसळं काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले. "शाळेत कचेरी भरवता काय, बाई?"

"मी कायी सांगत नाही. तुमच्या पोरीलेच इचारा, तिनं काय केलं ते."

रुख्मिणी बापाच्या धोतराआड उभी होती. तिनं मान वर केली नाही. दौलतरावांना समजायचं ते समजलं, पण अपमान वाटून त्यांनी रुख्मिणीला शाळेतून काढलं.

हे बाईंच्या मनाला फार लागलं. दर रविवारी त्या दौलतरावांच्या ओसरीवर जाऊन रुख्मिणीला शिकवू लागल्या. पहिले काही रविवार घरात त्यांना कोणी पाणीही विचारलं नाही. संक्रांतीनंतर दौलतराव स्वतःच पोरीला शाळेत सोडून गेले.

रुख्मिणी आणि ललिता कधी मैत्रिणी झाल्या नाहीत. पण ललिता गल्लीनं येऊ लागली, आणि चौथीची परीक्षा दोघींनी एकाच वर्षी दिली.