जित्या माणसाचं चित्र

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणी लागली की माय आणि बाप उजाडायच्या आत घर सोडायचे. शेत दुसऱ्याचं, पोतं दुसऱ्याचं, आमची फक्त बोटं. बोंडांच्या टोकांनी मायची बोटं चिरलेली असायची. संध्याकाळी भाजीत मीठ टाकायची वेळ आली की ती मला हाक मारायची, कारण तिच्या बोटांना मीठ झोंबायचं. घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढलो. यवतमाळला खोली करून, गावाहून एसटीनं येणाऱ्या डब्यावर जगून बी.ए. झालो. आजही हे छाती काढून सांगतो.

कॉलेजच्या नाटकांनी मुंबईला नेलं आणि मी टीव्हीवर लागलो. हीरो नाही, हवालदार, कारकून, भाडेकरू. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." पण कुठं, ते कुणालाच आठवायचं नाही. सेटवर संवाद दोन आणि थांबणं दिवसभर. त्या वेळात मी संवादाच्या कागदांच्या पाठीवर बॉलपेननं चित्रं काढायचो. डुलक्या घेणारा लाइटवाला, चहा ओतणारा माणूस. पुढं रंग घेतले, कॅनव्हास घेतला.

मग एका मालिकेत नायिकेचा काका झालो. बरेच दिवस चाललो, आणि लेखकानं एक दिवस काकाला मारलं. मेलो तरी सुटलो नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर माझा मोठा फोटो लागला, त्याला झेंडूचा ताजा हार, आणि नायिका रोज त्याच्यासमोर उभी राहून रडायची.

मायचा फोन आला.

"काहून रे, तुले हार कोणं घातला?"

"माय, सीरियल आहे ते."

"सीरियल असन. फोटो त तुहाच आहे नं? उतरवाले सांग."

दिग्दर्शकाला सांगितलं तर तो हसून लोळायचा बाकी राहिला. फोटो राहिला. शेजारची काकू मायला म्हणाली, "तुह्या पोराची मजा आहे बाई. रोज ताजा हार! आमच्या बुढ्याले लग्नात भेटला तेवढाच." मायनं टीव्ही बंद केला, तो बंदच.

काका मेल्यामुळं माझंही काम गेलं. दुसऱ्या एका मालिकेत हवालदार मिळत होता, पण मी गावी आलो आणि चित्रांना लागलो. यवतमाळला एक हॉल ठरवला. प्रदर्शन फक्त आपल्या गावच्या चेहऱ्यांचं करायचं होतं. ते जमलं तर पुढं चित्रं, नाहीतर पुन्हा हवालदार, असं मनाशी पक्कं होतं.

आणि गावात कुणी बसायलाच तयार नाही! मी इतकी वर्षं बाहेर राहून एक गोष्ट साफ विसरलो होतो. आमच्याकडे माणूस गेल्यावरच त्याचा चेहरा मोठा होऊन भिंतीवर चढतो. पारावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी जित्ता आहो न लेका अजून! आधी तुह्या मायले बसव, मंग आमाले सांग." सगळे हसले. पण त्या दिवसापासून जो तो हेच सांगायला लागला.

माय ऐकेना. "भितीवर तुह्या बापाचा आहे, तेवढा पुरे." मी समजावलं, चिडलो, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ती अंगणात ओल्या तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन सोले, म्हणजे दाणे, काढायला बसली आणि म्हणाली, "हे पाय, मी काही फोटोवानी ताठ बसून तुह्याकडं पाह्यणार नाही. मले काम आहे. तुले काढाचं असन त काढ. अन काच लावाची नाही, चौकट लावाची नाही."

मी धावत रंग आणले. ती हलायची, टरफलं फेकायची, कोंबडीला हाकलायची. "झालं काय रे? मिशा नको काढजो," म्हणायची. चित्रात तिची मान खाली, नजर टोपल्यात, आणि बोटं हिरवी झालेली.

संध्याकाळी काकू बघायला आली. वाकून चित्रातलं टोपलं पाहिलं. मग म्हणाली, "हे त चालते. हे वारल्यावानी नाही दिसत, हे त आता मले कामाले लावन." दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सूप घेऊन आली. "माह्यं काढ. पण मी पाखडून राह्यली असं काढ." मग पारावरचा म्हातारा बैलाची वेसण वळत बसला. सायकलचं पंक्चर काढणारा बसला. घाटंजीच्या बाजाराला निघालेल्या दोघी बाया बसच्या थांब्यावर डोक्यावरची टोपली सावरत उभ्या राहिल्या आणि बस येईपर्यंत मला शिव्या देत होत्या, लवकर कर म्हणून. एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. मलाही आता तेच हवं होतं.

यवतमाळच्या हॉलमध्ये चित्रं काच-चौकटीशिवाय लागली. गाव टेम्पो करून आलं आणि आपापल्या चित्रासमोर उभं राहून एकमेकांना नावं ठेवू लागलं. माय स्वतःच्या चित्रापुढं थांबली. "सोले बरे आले," एवढंच म्हणाली.

ते माझं पहिलं प्रदर्शन. त्यानंतर मी हवालदार केला नाही. आज मी चित्रकार आहे, आणि आमचं घर चित्रांवर चालतं.