खालच्या टाकीतलं तण

आमच्या भोकरदनच्या घरात खाऱ्या पाण्याची माशाची टाकी होती, हे आज कुणाला सांगितलं तर हसतात. दोन हजार सालच्या आसपास आमच्या ह्यांना हे वेड लागलं. मीठसुद्धा मुंबईहून यायचं. "आमटीत घातलं तर चालेल का हो?" असं मी विचारलं की ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

वर मोठ्या टाकीत एक नारिंगी मासा. खाली कपाटात छोटी टाकी, तिच्यात मुद्दाम वाढवलेलं शेवाळ. वरचं पाणी खाली येऊन शेवाळातून फिरायचं आणि पंपानं परत वर जायचं. पाण्यातल्या घाणीवर ते शेवाळ पोसायचं, म्हणून वरचं पाणी नितळ राहायचं. फार माजलं की हे थोडं उपटायचे, निम्मं ठेवायचे.

धावड्याची शेती धाकट्या दिरांवर सोपवून सासरे आमच्याकडे राहायला आले. जन्मभर खुरपं हातात धरलेला माणूस, घरात बसून पार कंटाळायचे. मासा मात्र त्यांचा लाडका झाला. खाणं तेच घालायचे. काचेला त्यांचं बोट लागलं की मासा पळत यायचा, आणि मला ते बघायला फार आवडायचं.

आम्ही घनसावंगीला लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर खालची टाकी साफ! शेवाळाचा धागाही शिल्लक नव्हता. उपटलेलं सगळं अंगणात उन्हात टाकलेलं, शेतात बांधावर टाकतात तसं.

"निंदून काढलं समदं," सासरे खुशीत म्हणाले. "तण सगळं खत खाऊन राह्यलं होतं. माशाला काय उरलं असतं?"

"अण्णा, ते खायलाच तर ठेवलं होतं!" हे ओरडले. "मासा त्याच्याच जिवावर होता. आता मेला म्हणून समजा."

सासरे अंगणात जाऊन वाळलेलं शेवाळ चाचपू लागले. मला ह्यांचा असा राग आला! बापावर ओरडायला तोंड बरं उघडतं. आधी कुणी समजावून सांगितलं होतं का त्यांना?

पाणी गढूळलं. ह्यांनी ते बदलून पाहिलं, तरी मासा कोपऱ्यात दडून बसला आणि खाईना. सासऱ्यांचं ताटही तसंच परत यायला लागलं. ह्यांनी माफी मागितली, तरी "भूक न्हाई" एवढंच.

औरंगाबादला ह्यांच्या ओळखीच्या एकाकडे तसलं शेवाळ होतं. आणायला सासरेच हट्टानं गेले. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले, खारं पाणी हिंदकळून धोतर भिजलं, पण डबा खाली ठेवला नाही. टाकीत शेवाळ सोडलंही त्यांनीच, रोप लावावं तशा हलक्या हातानं.

त्यानंतर रोज सासरे खाणं टाकायचे, मासा तोंड लावायचा नाही, खाणं तळाशी जायचं, आणि आमचे हे वाकून ते काढायचे. एका दुपारी मी भाकरी थापत होते, तर सासऱ्यांची हाक आली. पिठाच्या हातानंच धावले. मासा त्यांच्या बोटासमोर येऊन तोंड हलवत होता.

"जेवला बाई तो," सासरे म्हणाले. डोळे भरून आले होते. "मंग, वाढ आता मला बी."