नेऱ्याच्या चुली आणि भोपळ्याचे पाय

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पलीकडे हिराबाईंची सून होती. "बाई, आई गेली... सकाळी चहा मागितला, आनि मी घेऊन येतंय तवर..." पुढचं तिला बोलवेना. रिक्षा करून मी पनवेलजवळच्या त्यांच्या गावी, नेऱ्याला पोचले, तर आमच्या चर्चच्या महिला मंडळातल्या सहाजणी आधीच अंगणात येऊन बसल्या होत्या. कुणा पाहुण्याने विचारलं, "या कोन बाया?" "पायवाल्या," एक म्हातारी म्हणाली, आणि आम्हाला पुढे सरकून जागा करून दिली.

पनवेलच्या बाजारात हिराबाई भाजी घेऊन बसायच्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडून एकदम आठ लाल भोपळे मागितले, तेव्हा त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "लगीन हाय का घरात?" मी म्हटलं, नाही, चर्चच्या नाताळ मेळ्यासाठी पाय करायचेत. "पाय? कोनाचे?" मग मी समजावून सांगितलं. मैद्याची पारी, आत भोपळ्याचं गोड सारण, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. आम्ही सगळ्या हौशी स्वयंसेविका. मंडळातल्या एका जुन्या बाईंच्या वहीत कृती सापडली होती, त्यावरून पहिल्यांदाच करून बघत होतो. हिराबाईंनी भोपळे पिशवीत भरले आणि टोपली शेजारणीकडे सोपवून म्हणाल्या, "चला, बगू तरी माज्या भोपल्यांचं काय करताव."

हॉलमागच्या स्वयंपाकघरात आमची फजिती चालली होती. पारी लाटायला जावं तर पोळपाटावरच तुटायची. हिराबाईंनी गोळा हातात घेतला, क्षणभर नुसता धरून ठेवला. "तापलाय यो. याला गारवा पायजे." परात ओल्या फडक्यावर ठेवायला लावली, मैद्यात दोन मुठी तांदळाचं पीठ घातलं आणि लाटणं बाजूला सारून, भाकरी थापतात तशी पारी थेट ताटलीतच थापली. कडेपासून मधेपर्यंत एकसारखी. सारणातली साखर काढून गूळ घालायला लावला, नारळाचं दूध आणि जायफळ घातलं. पहिला पाय ओव्हनमधून निघाला, तो आम्ही उभ्या उभ्याच संपवला.

तेव्हापासून दर डिसेंबरला त्या यायच्या. कुणी बोलवावं लागलं नाही. गावात त्यांची चेष्टा व्हायची. थोरली जाऊ तर तोंडावर विचारायची, "बाटलीस का गं?" हिराबाईंचं उत्तर ठरलेलं असे, "पीठ थापाया जातंय, देव बदलाया नाय."

मग ते वर्ष आलं. मेळा दुपारी चारला सुरू व्हायचा होता. सकाळी नऊला चाळीस कच्चे पाय ताटल्यांत तयार, आणि रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून बंद पडला. वीज रात्रीशिवाय येत नाही म्हणून कळलं. बेकऱ्यांच्या भट्ट्या नाताळच्या केकमध्ये अडकलेल्या. कुणी म्हणालं, सोडून द्या, भेळ करू. मला रडूच कोसळलं. हिराबाई पिठाच्या हातांनी तशाच उभ्या होत्या. "टेम्पो मिलंल का?" त्यांनी विचारलं. "कुठं न्यायचे?" "आमच्या गावाला. चुली हायेत की."

नेऱ्यात आता घरोघरी गॅस आहे, पण भाकरीसाठी परसातली चूल बायकांनी सोडलेली नाही. हिराबाई दारोदार निघाल्या, मागून आम्ही ताटल्या घेऊन. विनवणी वगैरे काही नाही. "निखारे हायेत? मंग यो ठेव. टोपात वाळू घाल, वर झाकन, झाकनावर निखारे. जलला तर तुजं नाव सांगीन." पाचव्या की सहाव्या दारात थोरली जाऊ उंबऱ्यात आडवी उभी. तिने ताटलीकडे बघितलं. "देवाचा हाय का यो?"

"पोटाचा हाय," हिराबाई म्हणाल्या.

जाऊ उंबऱ्यातून बाजूला झाली.

तासाभराने मी गल्लीच्या तोंडाशी आले. घराघरामागून धूर उठत होता, प्रत्येक चुलीपाशी एक बाई पदर खोचून बसली होती आणि डोंगरापर्यंत जावा असा गुळाचा आणि जायफळाचा वास गावभर पसरला होता. मी जन्मभर शाळेत शिकवलं, चर्चमध्ये किती प्रवचनं ऐकली त्याला गणती नाही. पण त्या दुपारी जे बघितलं, तसं पुन्हा काही बघितलं नाही.

दोन पाय जळले. बाकीचे साडेतीनला टेम्पोत चढले, आणि त्यांच्याबरोबर थोरली जाऊही. आपला पाय मांडीवर धरून ती पनवेलपर्यंत आली, आणि तो कुणी घेतला, त्याने खाल्ला की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलली नाही. पुढच्या वर्षी लोक "तो धुराचा पाय" मागायला लागले. आम्ही ओव्हन भाड्याने आणणंच बंद केलं.

एकदा मी हिराबाईंना विचारलं, "गाव ऐकेल अशी खात्री होती तुम्हाला?" "नाय वो बाई," त्या म्हणाल्या, "लय भ्याले व्हते. पन बायांचे निखारे इझत आले व्हते. इचार कराया येल कुटं व्हता?"

मागच्या रविवारी उपासनेत पाळकांनी सरत्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचली. यादी संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "कुणाचं नाव राहिलंय का?" आमच्या बाकावरून चार-पाच आवाज एकदमच आले, "हिराबाई." पाळकांनी पेन काढलं. "पूर्ण नाव?"

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हाताखाली पीठ मळलं, त्यांच्या अंगणात जेवलो, आणि त्यांचं आडनाव आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. माझी मान खाली गेली.

"नेऱ्याची हिराबाई," शेवटी मी म्हटलं. पाळकांनी तसंच लिहिलं, आणि तसंच वाचलं.