सगळ्या कारखान्याला सुतक

आमचे मालक म्हणजे दादा. त्यांचा कपडा रंगवायचा कारखाना हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत होता आणि तिथला हिशेब मी बघायचे. दादा मूळचे रत्नागिरीकडचे. माणूस कामाला ठेवताना ते एकच गोष्ट बघत, तो आपल्या भावकीतला आहे की नाही. रंगारी चुलतभाऊ, बॉयलरवाला पुतण्या, वॉचमन दूरचे काका. हजेरीपटावर वरपासून खालपर्यंत एकच आडनाव असल्यामुळे पगाराच्या दिवशी माझं डोकं फिरायचं. परकी म्हणावी अशी मीच, रायगडची, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेली.

त्या वर्षी दादांनी कर्ज काढून गॅसवर चालणारं इंजिन घेतलं. ते वीज करणार आणि त्याच्या धुरातून जी उष्णता एरवी वाया जाते, तिच्यावर रंगाच्या टाक्यांचं पाणी तापणार. एका गॅसमध्ये दोन कामं. अशा यंत्रणेवर सरकार करात भरघोस घसारा देतं, म्हणजे किमतीचा मोठा भाग उत्पन्नातून वजा करू देतं, हे मी आमच्या सीएंकडून ऐकलं आणि दादांच्या कानावर घातलं. वर्षाच्या शेवटी शेवटी सुरू होणार म्हणून सवलत निम्मीच मिळणार होती, पण बँकेचा पहिला हप्ता तिच्यातून सुटला असता. नाहीतर दादा रात्रपाळी बंद करणार होते, म्हणजे निम्मी भावकी गावाला. अट एकच होती. मार्च संपायच्या आत यंत्रणा प्रत्यक्ष वापरात आली पाहिजे आणि एका इंजिनियरने ती बघून तसं सर्टिफिकेट दिलं पाहिजे.

पाइप जोडून झाले, इंजिनियरची तारीख ठरली आणि गावाहून फोन आला. दादांचे थोरले चुलते गेले. पिकलं पान होतं, त्यामुळे रडारड फारशी झाली नाही, पण सुतक ते सुतक. तेही अख्ख्या कारखान्याला! मालकापासून वॉचमनपर्यंत पूजेला हात लावू शकेल असा एकही माणूस उरला नाही. सुतक फिटणार एप्रिलात.

सीए फोनवर म्हणाले, "अरे शेठ, बटन दाबून टाका ना. पूजा मागाहून करा. कोण बघतंय?"

"आई बघत्येय," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

दादांच्या आई शिस्तीच्या. पूजेशिवाय त्यांच्या घरात मिक्सरसुद्धा कधी फिरला नव्हता. इंजिन विकणाऱ्या कंपनीच्या माणसांनी चाचणीसाठी इंजिन जरा वेळ चालवलं होतं, त्याला त्यांची हरकत नव्हती. तोवर ते यंत्र त्यांचं, असा हिशेब. पण चाचणी म्हणजे वापर नव्हे, हे इंजिनियरनेही आधीच सांगून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी तो ठाण्याहून आला. मार्चचा शेवटचाच दिवस. चहा घेता घेता म्हणाला, "पूजेचं तुमचं तुम्ही बघा. मला विजेचा मीटर फिरताना दिसला पाहिजे आणि टाकीत गरम पाण्यानं कपडा रंगताना दिसला पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबतो."

बाजूच्या स्टीलच्या गाळ्यातले गुजराती शेठ बिचारे धावून आले. "माँजी, मैं फोड देता हूँ नारियल."

आईंनी हात जोडले. "तुमचे उपकार आहेत शेठ, पण घरच्या मशीनला घरचाच हात लागायला हवा. मला लेक असती तर प्रश्न नव्हता. सासरी गेलेल्या लेकीला हे सुतक नसतं."

मी नेहमीसारखी दाराशी उभी होते, हातात फाइल घेऊन. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची तेव्हाही माझी जागा तीच. विधवेनं पुढे येऊ नये असं मला तिथे कधी कोणी म्हणालं नाही. म्हणायची वेळच मी येऊ देत नसे, फाइल उचलायची आणि दार गाठायचं. राग यायचा, नाही असं नाही. पण कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

आई वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती फाइल ठेव खाली. पाय धुऊन ये."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पुटपुटले, "आई, मी कशी..."

"का? तुला कुठे सुतक आहे?"

त्यांनी मुद्दाम न समजल्यासारखं केलं. मी पाय धुतले. पूजेच्या ताटाला त्यांना शिवायचं नव्हतं, म्हणून त्या मागे सरून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून एकेक सांगत गेल्या. मी इंजिनावर हळद वाहिली, फूल ठेवलं आणि थांबले. कुंकवाच्या वाटीकडे हात जाईना. कित्येक वर्षांत मी त्याला बोट लावलं नव्हतं.

"कुंकू राहिलं," दारातून आवाज आला.

वाहिलं. नारळ वाढवताना पहिला घाव फुकटच गेला. दादांनी बटण मला दाबायला सांगितलं. इंजिन घरघरलं, मीटर फिरला आणि बऱ्याच वेळाने टाकीवर वाफ धरली. पुतण्याने कापडाचा पहिला तागा पाण्यात सोडला. इंजिनियरने वाकून सगळं बघितलं, सही केली आणि आणखी एक चहा मागितला.

सवलत मिळाली, रात्रपाळी चालू राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात पूजा मांडली तशी मी सवयीने फाइल उचलून दाराकडे निघाले. आता भावकीतल्या कोणालाच सुतक नव्हतं, नारळ वाढवायला सगळे हात मोकळे होते. आईंनी ताट उचललं आणि सगळ्यांमधून वाट काढत दारापर्यंत आणून माझ्यापुढे धरलं.