गवताला झोपू द्या

निरंजनभाऊ आमच्या रायपूरच्या गोल्फ क्लबात वीस वर्षं गवत सांभाळतात, पण साहेब म्हणतील ती पूर्व दिशा! मी स्वागताच्या टेबलावर बसते, त्यामुळे कोण कुणापुढे किती वाकतो ते मला बरोबर दिसतं.

गेल्या वर्षी सेक्रेटरी साहेबांना नाताळच्या सामन्यासाठी हिरवंगार मैदान हवं होतं. थंडीच्या तोंडावर युरिया टाकला की कोवळी पाती फुटतात आणि गारठ्यात मान टाकतात, हे भाऊंना तोंडपाठ. तरी "हव साहब" म्हणून टाकला. नवव्या होलजवळचं गवत मेलं आणि बोलणी भाऊंनीच खाल्ली. मला राग आला तो साहेबांचा नाही, भाऊंचा!

यंदा दसऱ्यानंतर त्यांनी कुणाला न विचारता कापणीच्या मशीनचं पातं वर केलं, म्हणजे गवत थोडं उंच राहील. युरिया बंद केला, मुळांसाठी पोटॅश दिलं. डिसेंबरात मैदान पिवळं पडलं आणि साहेब कडाडले, "सब मर गया! सोमवार को ठेकेदार आएगा, उखाड़ के नया लगाएगा."

"मरा नहीं साहब, सो रहा है," भाऊ कसेबसे म्हणाले. साहेबांनी ऐकलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ते मातीसकट गवताचा तळहाताएवढा तुकडा घेऊन माझ्याकडे आले. "ऋताताई, माह्या घरी ऊन येत नाही. हे तुमच्या खिडकीत ठेवा. जित्तं असन तर उबेनं हिरवं होईन."

"आणि नाही झालं तर?"

"तर मले घरी बसवतीन."

चार दिवस मी पाणी शिंपडत बसले. काहीच नाही! माझाही धीर सुटला. रविवारी सकाळी पाहिलं तर पिवळ्यातून सुईसारखे हिरवे कोंब निघाले होते. अर्ध्या तासात मी तो तुकडा घेऊन बूढापाऱ्यातल्या माझ्या घरून स्कूटरवर क्लबात.

साहेबांनी चष्मा लावून कोंब पाहिले, बोटानं चाचपले. मग फोन करून ठेकेदाराला येऊ नको म्हणून सांगितलं. मी सुटकेचा निःश्वास टाकते तोच म्हणाले, "जिंदा है तो थोड़ा यूरिया मार दो, निरंजन. क्रिसमस के मैच तक हरा हो जाएगा."

भाऊंनी टोपी हातात घेतली. मी मनात म्हटलं, झालं, वाकले!

"नहीं साहब," भाऊ म्हणाले. "फरवरी तक नहीं."

साहेब बघतच राहिले. मी मात्र तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते.