अक्काचा निळा दगड

अक्का गेल्याचा फोन मिरजेच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत फवारणीच्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणात विळा बुडवून बघत होतो. पात्यावर तांबूस थर चढला, की चुना कमी पडला असं समजायचं. थर चढला होता. फोन ठेवून मी आधी चुना टाकला, मग घरी गेलो... माणूस असाच असतो, निदान मी तरी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. दूरच्या एका तांब्याच्या खाणीच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आली. बागेवर मारायला आम्ही जे मोरचूद विकत आणायचो, ते तिकडं ओढ्याच्या काठाला आपोआप धरायचं. खाणीबाहेर टाकलेल्या दगडांत गंधक असतं, त्याला हवापाणी लागलं की तांबं विरघळवणारं आंबट पाणी झिरपतं आणि उन्हाळ्यात ते सुकलं की दगडावर निळ्या-हिरव्या मिठाचा पापुद्रा चढतो, असं ती सांगायची. "दिसाय लय देखणं असतंय रं. पाऊस पडला की इरघळून खालच्या वाडीच्या हिरीत जातंय," एवढंच म्हणायची.

आठ वर्षांपूर्वी त्या वाडीच्या खाणीविरुद्धच्या तक्रारीवर सुनावणी लागली. अक्का साक्ष द्यायला जाणार होती. ओढा तेव्हा कोरडा, काठचे दगड खाणवाल्यांनी आधीच उचललेले, नमुना मिळणार कुठून? पुरावा एकच, निवृत्त होताना तिनं जपून आणलेला पापुद्र्याचा दगड. निघायच्या आदल्या दिवशी तो कागदात गुंडाळायला म्हणून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवून ती आंघोळीला गेली. मी बागेतून आलो. दगडावर निळं बघून वाटलं, माझ्याच फवारणीचं मोरचूद उडालंय. कुणाच्या भाकरीला लागायला नको. दगड नळाखाली धरला, नारळाच्या शेंडीनं घासला, लख्ख केला.

अक्का बाहेर आली आणि दगडाकडं बघतच राहिली. "बाळू, ह्याच्यावरचं कुठं गेलं रं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "हवा दमट हाय, अक्का... इरघळलं असंल," मी म्हणालो.

"व्हय, असंल," ती म्हणाली आणि तो उघडा दगड घेऊनच गेली. तक्रार पुराव्याअभावी निकाली निघाली. त्या विहिरीचं पुढं काय झालं, हे मी तिला कधी विचारलं नाही. लाज वाटायची, आजही वाटते.

तेराव्यानंतर तिचं कपाट आवरताना तिच्या जबानीची प्रत सापडली. शेवटची ओळ होती, 'नमुना माझ्या हातून पाण्याने धुतला गेला, जबाबदारी माझी.' धुतला... हा शब्द मी तिच्यासमोर कधी उच्चारलाच नव्हता.

दगड तिच्या खोलीच्या खिडकीत, काचेच्या बरणीत आहे. दगडाच्या पोटातलं गंधक-तांबं काही माझ्या घासण्यानं गेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पापुद्रा परत आलाय, फिकट, पण निळाच. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'धुऊ नये'. मला वाटायचं, ती माझ्या बायकोसाठी असणार. छाटणी उरकली की ही बरणी घेऊन मी त्या वाडीला जाणार आहे. दगड कुणी धुतला, ते सांगायला.