पाठमोऱ्या आत्या

माहेरून आलेल्या भांड्यांपेक्षा हिला तो मोबाईल प्यारा, असं माझ्याबद्दल सासरी सगळे म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. आमचं घर तळेघरच्या बाजूला. एसटी चुकली की पायी निघायचं, आणि चालता चालता मी फोटो काढायचे. घरीही तेच. चुलीवर फुगलेली नाचणीची भाकरी, दोरीवर वाळणारी लुगडी, दारातल्या ओल्या चपला. मला हे सगळं सुंदर दिसायचं. कुणी हसलं की मी मुद्दाम आणखी काढायचे.

सासूला मी आत्या म्हणायचे, सासऱ्यांना मामा. आत्यांना माझं वेड आवडायचं, पण स्वतःचं तोंड काही काढू द्यायच्या नाहीत. मिश्री लावून लावून त्यांचे दात काळे झाले होते. मोबाईल वर केला की पदर ओढून वळायच्या. "हात काढ, पाय काढ, तोंड नगं. हसले की दात दिसत्यात." मग मी हात काढले, भेगाळलेल्या टाचा काढल्या, भाकरी थापताना कोपराकडे सारलेल्या बांगड्या काढल्या. आमचं दोघींचं तसं ठरलेलंच होतं.

एका थंडीत तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेल्या. आमच्याकडे दशक्रियेला फ्लेक्स लागतोच. चौकात फोटो दिसला नाही तर पावण्यांना वाटतं, घरच्यांना दुःखच नाही. माझ्या मोबाईलभर आत्या होत्या, फक्त चेहरा कुठेच नव्हता. शेवटी फोटोवाल्याने आधार कार्डावरचा चेहरा घेतला, गोरा केला आणि भलत्याच कुणाच्या तरी हिरव्या पैठणीवर बसवला. गळ्यात सोन्याचे हार. दात दिसू नयेत म्हणून तोंड घट्ट मिटलेल्या आत्या त्या थाटात आणखीच परक्या दिसत होत्या. पुढे तोच फोटो फ्रेम होऊन भिंतीवर आला. मला त्याचा रागच यायचा. मी त्याच्यावरची धूळसुद्धा पुसत नसे.

भाताची लावणी जवळ आली तेव्हा एका सकाळी मामा चुलीपाशी येऊन बसले. पुढे ठेवलेल्या चहाला हात लावला नाही.

"तिचं तोंड आठवंना गं मला," ते म्हणाले. "डोळं मिटलं की ही फोटूतलीच बाई येती. आमची कुठं गेली?"

मी मोबाईल आणला आणि त्यांच्या शेजारी बसून एकेक फोटो दाखवू लागले. त्यांनी हात पाहिले, टाचा पाहिल्या. एका फोटोवर त्यांनी बोट टेकवलं, तसा तो पुढे सरकला. मी परत मागे आणला. आदल्या वर्षीच्या लावणीचा होता. पाऊस उघडलेला, इरलं बांधावर काढून ठेवलेलं आणि आत्या चिखलात वाकलेल्या. नुसती पाठ.

"हीच," मामा म्हणाले. "ती लावायची, आन मी मागून रोपांच्या मुठी टाकायचो. दर साली हीच पाठ म्होरं व्हती."

तो फोटो मोठा करून आणला. "पाठीचा फोटू कुणी लावतं व्हय?" एका पावण्यानं विचारलंच. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पैठणीवाली फ्रेम पेटीत गेली.

वर्षश्राद्धाला त्याच फोटोला हार घातला. आत्या सवाष्ण गेलेल्या, म्हणून फोटोला कुंकू लावायचं, आणि ते मामांनी. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, फोटोपाशी नेलं आणि थांबले. कपाळ कुठं होतं? बोट तसंच हवेत राहिलं. मला रडू आवरेना.

मग मामा हळू आवाजात, रोज तिच्याशी बोलायचे तसे, फोटोला म्हणाले, "आता तरी वळ की जरा."